उसन्या आजोबांचा अंगरखा

सांगा पाहू मंडळी, परक्या गावच्या बाजारात भरवसा कोणावर ठेवाल? गोड बोलणाऱ्यावर, की भरजरी पागोट्यावर? मला एकदा एक चंदनवाला म्हणाला, "शेठ, चंदन म्हणजे चंदन. कुठलं का असेना!" मी खोड नाकाशी न नेताच खाली ठेवलं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "माझं उत्तरेच्या उतारावरचं आहे. माझ्या मेव्हण्यानं तोडलंय, आणि मेव्हणा लबाड आहे, तेव्हा घासून बघा." घासलं, आणि त्याच्याचकडून घेतलं. का घेतलं, ते पुढल्या कथेतून आपोआप कळेल.

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता, सौदामिनी नावाची राणी होती, आणि वेणू नावाची लहानगी राजकन्या होती. त्या राज्याची रीत जगावेगळी. गोष्ट सांगायची, तर आधी ती कोणाकडून ऐकली त्याचं नाव घ्यायचं. "ही मी मावशीकडून ऐकली, मावशीनं नावाडी तुकारोजीकडून." मग गोष्ट, आणि तीही त्याच्याच बोलीत. नावाड्याची असली तर वल्ह्याच्या ठेक्यात, धनगराची असली तर मेंढरांना हाकारत. कोणी नाव न घेता सुरुवात केली, की पोरं ओरडत, "पोरकी गोष्ट नको!"

पुढं असं झालं की राणीची आई आजारी पडली, आणि राणी समुद्रकाठच्या माहेरी गेली. ती सीमेपलीकडे असतानाच राज्यात कपिलाक्ष नावाचा मायावी आला. दरबारात उभा राहून म्हणाला, "महाराज, माझ्यापाशी कधीही न सरणारा खजिना आहे. तो आपल्याला देतो."

"बदल्यात काय हवं?" राजानं विचारलं.

"तुमच्या प्रजेच्या गोष्टींवरची टरफलं."

"म्हणजे?"

"गोष्टी तुमच्या तुम्हालाच राहू द्यात. त्याआधी घेता ती नावं तेवढी मला द्या. अमक्याकडून ऐकली, तमक्याकडून ऐकली... शेंगदाणा हाती आल्यावर टरफल कोण जपतो?"

सगळा दरबार हसला. प्रधान राजाच्या कानाशी लागला, "महाराज, इतका स्वस्त सौदा पुन्हा मिळायचा नाही." झालं! दवंडी पिटली. वेशीवर रांग लागली. ज्यानं त्यानं आपापली नावं कपिलाक्षाच्या कानात सांगितली आणि हलका होऊन घरी गेला. धाकल्या वेणूनंही सांगितली, आणि सर्वांत शेवटी राजानं.

त्या नावांचा कपिलाक्षानं धागा काढला, धाग्याचं कापड विणलं आणि कापडाचा अंगरखा शिवला. अंगरखा अंगात घालून तो रस्त्यानं निघाला, तो काय नवल! ज्याला त्याला तो आपला आजोबा दिसू लागला. लोक पाया पडत, म्हणत, "आम्हाला सगळ्या गोष्टी तुम्हीच तर सांगितल्यात!" नावाडी वल्ह्याचा ठेका विसरला, धनगर हाकारा विसरला. सगळे कपिलाक्षाच्या एकाच सपाट आवाजात बोलू लागले. गोष्टी त्याच होत्या, शब्दही तेच होते, पण लेक आईला ओळखेना आणि भाऊ भावाला ओळखेना. आणि ज्याला कोणी ओळखेना, त्याची सावली पातळ होई. सावली सरली, की माणूस दवासारखा विरून जाई.

राणी परतली. पालखीच्या दांडीवर माहेरची साळुंकी बसली होती, तोंडाची फटकळ, पण मनाची निर्मळ. महालाच्या दारात राजा सामोरा आला, हात जोडून म्हणाला, "यावं. आपण कोणत्या राज्याच्या पाहुण्या?"

राणी म्हणाली, "थट्टा पुरे, महाराज."

"थट्टा नव्हे. आपला परिचय झाला नाही."

तेवढ्यात वेणू धावत आली आणि राणीसमोर थबकली. अदबीनं विचारती झाली, "बाई, आपण कोण?" राणीनं खाली पाहिलं. फरशीवर लेकीची सावली होती, ओल्या पावलाच्या वाळत आलेल्या ठशासारखी.

राणी रडली नाही. पदर खोचला आणि थेट दरबारात गेली. सिंहासनाशेजारी सगळ्यांना आजोबा दिसत होते. राणीनं मात्र वेशीवर काही दिलं नव्हतं, म्हणून तिला खरा कपिलाक्ष दिसला. सुकल्या भोपळ्यासारखं डोकं, पिंगट डोळे, आणि अंगावर कुजबुजणारा अंगरखा.

"मायाव्या, माझी लेक परत दे," राणी म्हणाली.

आता मायाव्यांचा एक नियम असतो. खऱ्या रूपात ज्यानं ओळखलं, त्याला नुसतं हाकलून देता येत नाही, त्याला तीन कामं सांगावी लागतात. कपिलाक्ष म्हणाला, "तीन कामं कर. जमली, तर सूर्यास्ताआधी तुझी लेक तुझी. एकही चुकलं, तर तुझी नावंही माझ्या अंगरख्यात. मग तूही मला आजोबा म्हणशील."

"कबूल," राणी म्हणाली. "कामं सांग."

"पहिलं काम. पडसादांच्या दरीत जा आणि तुझीच हाक शंखात भरून आण."

राणी दरीकडे निघाली. वाटेत सोनेरी चोचीचा पोपट भेटला. म्हणाला, "राणीसाहेब, दरीत शुद्ध दरबारी बोलीत हाक द्यावी. तीच परत येते."

"कोणाकडून ऐकलंस?" राणीनं विचारलं.

"हे तर सर्वांना ठाऊकच आहे."

साळुंकी फिस्सकन हसली. "मी सांगू का बाई? घरच्या बोलीत ओरड. मी घुबडाकडून ऐकलंय, आणि घुबड दिवसा आंधळं असतं, तेव्हा अर्धंच खरं धर."

राणीला साळुंकीचं पटलं. तरी राणीपणाची सवय वाईट! दरीच्या काठावर उभी राहून तिनं आधी दरबारी बोलीतच साद घातली, "आम्ही सौदामिनी, येथे आहोत!" हजार आवाज परत आले, सगळे एकसारखे, सगळे गोड. एकही शंखात शिरेना.

"वा!" साळुंकी म्हणाली. "दरबाराला हाक मारलीस, दरबारानं ओ दिली. आता सौदामिनीला मार की!"

राणीनं इकडंतिकडं पाहिलं. मग लहानपणी खाडीकाठी ओरडायची तशी, पोट आत ओढून ओरडली, "गो बाये, मी हंयसर आसंय!" हजार पडसाद गप्प झाले. एकच आवाज उठला, थोडा घोगरा, थोडा भांडखोर, आणि येऊन शंखात बसला. राणीला तो ओळखू आला. लग्नानंतर तिनं तो ऐकलाच नव्हता.

कपिलाक्षानं शंख कानाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "दुसरं काम. मी राजाला दिलेल्या खजिन्यातला एक दागिना इथं आण."

खजिना गुहेत होता, आणि शापित होता. 'हे माझं' म्हणून जो हात लावी, त्याचा हात सोन्याचा होई. प्रधानाचे दोन्ही हात तसे झाले होते. बिचारा भातसुद्धा दुसऱ्याच्या हातून खाई. राणी आत गेली तेव्हा सोनं बोलू लागलं. "मला उचल, मी तुझं!" हार म्हणाला. "मी तुझी, मला घाल!" बांगडी म्हणाली. राणी प्रत्येकाला एकच विचारत गेली, "तू आधी कोणाचा होतास?" हार गप्प, बांगडी गप्प. शेवटी कोपऱ्यातला एक काळवंडलेला वाळा हळूच म्हणाला, "मी पैलतीरच्या नावाड्याच्या लेकीचा. माझा जोड तिच्याचपाशी आहे."

"मग चल," राणी म्हणाली. "दरबारात एकदा तोंड दाखव, की तुला तिच्या घरी पोचवते."

वाळा पिसासारखा हलका झाला. राणीचा हात हाडामांसाचाच राहिला.

दिवस कलला होता. वाळा पाहून कपिलाक्षानं या वेळी तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. त्यानं वेणूला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "तिसरं काम. ही मुलगी भर दरबारात तुला आई म्हणाली पाहिजे. तिला स्पर्श करायचा नाही. मी तुझी आई, असं सांगायचं नाही."

वेणूची सावली आता कोळिष्टकाएवढी उरली होती. राणी समोर बसली. म्हणाली, "बाळ, गोष्ट ऐकतेस?"

"ऐकते, बाई."

राणीनं सात समुद्रांपलीकडल्या राजपुत्राची गोष्ट सुरू केली. वेणू म्हणाली, "ही आजोबांनी सांगितलेली आहे." राणीनं बोलणाऱ्या झाडाची गोष्ट काढली. वेणू म्हणाली, "हीसुद्धा आजोबांचीच आहे." कपिलाक्ष तिच्या केसांवरून हात फिरवीत होता. अंगरखा कुजबुजत होता. सावली आणखी फिकटली.

साळुंकी खिडकीतून म्हणाली, "ऐकलेल्या सगळ्या त्याच्या पोतडीत गेल्या गं बाई. न ऐकलेली एखादी नाही का?"

न ऐकलेली! म्हणजे मुलीनं कोणाकडूनही न ऐकलेली. अशी गोष्ट असेल कशी? असली तर तिनं स्वतःच रचलेली असेल. आणि राणीला आठवली. अडीच वर्षांच्या वेणूनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगितलेली, रोज सांगितलेली, कंटाळा येईपर्यंत सांगितलेली गोष्ट.

"एक होतं वांगं," राणी म्हणाली.

वेणूनं मान वर केली.

"त्याच्या डोक्यावर मुकुट होता, म्हणून ते स्वतःला राजा समजे. भेंडीला म्हणे, वाक. भोपळ्याला म्हणे, ऊठ. एके दिवशी आचाऱ्यानं त्याला भाजायला निखाऱ्यावर ठेवलं. तेव्हा वांगं फार घाबरलं, रडलं, आणि म्हणालं, मला सोडा..."

"नाही!" वेणू म्हणाली.

दरबार दचकला. त्या राज्यात कोणाचं बोलणं तोडून 'नाही' असं बऱ्याच दिवसांत कोणी म्हटलं नव्हतं.

"रडलं," राणी शांतपणे पुढं म्हणाली, "आणि पळून गेलं."

"पळालं नाही ते!" वेणू मांडीवरून खाली उतरली. "वांग्याला पाय असतात का? ते म्हणालं, मुकुट तेवढा काढून ठेवा, नवा आहे! दरवेळी चुकतेस तू, आई!"

राणी उठली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग बरोबर कोण सांगणार? मी तर ही तुझ्याकडूनच ऐकली, वेणू."

आपलं नाव गोष्टीच्या आधी लागलेलं वेणूनं ऐकलं मात्र, फरशीवर तिची सावली धप्पकन पडली, काळी कुळकुळीत, दोन वेण्यांसकट. मुलीनं आईच्या गळ्यात हात टाकले. आणि मुलंच ती, एक कोडं सुटलं की दुसरं काढतात. ती मागं वळून म्हणाली, "आजोबा, तुम्ही तुमच्या गोष्टी कोणाकडून ऐकल्या?"

कपिलाक्षानं तोंड उघडलं. अंगरख्यात हजारो नावं होती, पण त्यातलं एकही नाव त्याचं नव्हतं. खोटं सांगावं, तर जिभेवर येईल ते नाव ओरडे, "मी याला नाही सांगितली!" शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "कोणाकडूनही नाही. मला कोणी कधी सांगितलीच नाही."

एवढ्यानं अंगरख्याचा पहिला टाका सुटला, मग दुसरा, मग सगळेच सुटले. धागे खिडक्यांतून, दारांतून, धुराड्यांतून आपापल्या घरी निघाले. सावल्या पुन्हा दाट झाल्या, आणि विरून गेलेली माणसं आपापल्या उंबऱ्यावर उभी दिसली. राजाला त्याची आजी आठवली, आणि तो राणीपुढं येऊन म्हणाला, "देवी, आम्ही तुम्हाला पाहुण्या म्हणालो!" राणी म्हणाली, "म्हणालात. पुढं बोलू सावकाश." प्रधानाचे हात पुन्हा हाडामांसाचे झाले, आणि त्यानं पहिल्यांदा स्वतःचं नाक खाजवलं. नदीवर वल्ह्यांचा ठेका उठला. डोंगरावरून हाकारे आले, आणि त्यात काही शिव्याही होत्या. गुहेतल्या सोन्याला मालक आठवले, आणि ते मालकांकडे गेलं.

राहिला कपिलाक्ष. पंचा नेसलेला एक उघडा म्हातारा. सेनापती म्हणाला, "महाराज, याला सुळावर द्यावा." राजानं राणीकडे पाहिलं. राणीनं लेकीकडे पाहिलं.

वेणू म्हणाली, "आधी मला त्याला गोष्ट तर सांगू दे." आणि फरशीवर त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "एक होतं वांगं..."

मुकुट नवा आहे, इथं आल्यावर म्हातारा हसला. मग त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. राणीनं न्याय सांगितला, "दारोदार जा. प्रत्येक उंबऱ्यावर बस. ते सांगतील ते ऐक, आणि पुढं सांगताना त्यांचं नाव घे." तो निघाला. पहिल्याच गावात पोरांनी त्याला घेरलं आणि दरडावून विचारलं, "कोणाकडून ऐकलीस?" म्हातारा ताठ बसला आणि म्हणाला, "ही मी वेणूकडून ऐकली." पोरं म्हणाली, "मग सांग!"

मंडळी, त्या राज्याची ही कथा मी घाटाखालच्या मिठवाल्या सखूआजीकडून ऐकली. साळुंकीची फटकळ जीभ तिची. प्रधानाचं नाक माझं, ते मी घातलं. तुम्ही पुढं सांगाल तेव्हा जे आजीचं ते आजीच्या नावावर मांडा, जे माझं ते माझ्या, आणि जी भर तुम्ही घालाल ती खुशाल आपल्या. एवढा हिशेब तेवढा चोख ठेवा.