रुमालाखालचा हात

एका राज्यात आकाशातल्या राजाचा कायदा चालत असे. पेठेच्या मधोमध काळा पाषाण उभा होता आणि त्यावर तीन आज्ञा कोरलेल्या होत्या. माप खोटे भरू नकोस. विसाव्याच्या दिवशी कोणाला राबवू नकोस. शेजाऱ्याच्या सुखावर जळू नकोस. पाषाण बोलत नसे, रागावत नसे. आज्ञा मोडली की मोडणाऱ्याचे अंग त्याच्यासारखे होई, एवढेच. पेठेच्या टोकाला असे पुष्कळजण उभे होते. लोक त्यांच्या खांद्यांवर धोतरे वाळत घालीत.

त्या पेठेत नागोशेट हा धान्याचा व्यापारी होता. माणूस मोठा गोड, गिऱ्हाईकाला गूळपाणी दिल्यावाचून सोडायचा नाही. पण माप भरताना उजवा अंगठा हळूच आत ठेवायचा. अंगठ्याएवढे धान्य वाचे. एका सकाळी अंगठा जड लागला. पाहतो तर काळा पाषाण!

"घाला अजून अंगठा मापात," बायको सगुणा म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते. पाषाण काळजाला भिडला की माणूस पेठेच्या टोकाला जातो, हे तिला ठाऊक होते.

पाषाणाच्या सावलीत भुजंगस्वामी नावाचा मांत्रिक घोंगडी पांघरून बसे. तो म्हणाला, "तीन आज्ञा, तीन कामे. काटेकोर पाळ, अंग मोकळे होईल."

"नक्की?"

"कायद्यावर संशय घेतोस?"

"कायद्यावर नाही, स्वामी. तुमच्यावर."

तरी नागोशेट कामाला लागला. शिगोशिग मापे भरली, आणि कोण कोण बघते आहे तेही बघितले. पाषाण मनगटाला आला. विसाव्याच्या दिवशी हमालांना सुट्टी दिली आणि समोरच्याने दिली का, ते बघत दिवसभर दारात उभा राहिला. पाषाण कोपराला आला. शेजारी मुकुंदशेटच्या घरच्या लग्नात जाऊन पंगतीची तोंडभर स्तुती केली. मनात म्हणाला, आमटी पातळ होती. पाषाण खांद्याला आला.

"तुझेच काहीतरी चुकले. पुन्हा कर," स्वामी म्हणाला.

नागोशेटने बाजार पुष्कळ पाहिला होता. हा माणूस कधी जागचा उठत कसा नाही? त्याने डाव्या हाताने घोंगडी ओढली. स्वामी कमरेपर्यंत पाषाण होता.

"स्वामी, तुम्ही कधीपासून पाळताय?"

स्वामीने घोंगडी परत मागितली. पाषाणावर बसलेली साळुंकी मात्र खो खो हसली.

"आज्ञा खऱ्याच आहेत, शेट," ती म्हणाली. "पण दुखणे दाखवणाऱ्या पाषाणाकडेच औषध मागतोस? वेशीबाहेर गुरांच्या बाजारात राजाचा मुलगा बसलाय. तो बरे करतो. फुकट."

"फुकट? बाई, मला एकदा एका अत्तरवाल्याने फुकट फाया दिला. वासाला भुलून कुपी घेतली, घरी उघडली तर नुसते पाणी. तेव्हापासून फुकट ऐकले की मी आधी कनवटीला हात लावतो."

"लाव की. डावा लाव. उजवा हलत नाही."

नागोशेट गेला. चिंचेखाली एक माणूस गुराख्यांत बसला होता. मुकुट नाही, चवरी नाही. हाच राजपुत्र? काहीतरी काळेबेरे आहे, असे नागोशेटला वाटले. पण पाषाण गळ्याखाली आला होता आणि श्वास पुरेना.

त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकीत आणि आत बोटे दाबून सौदा होई. नागोशेटने डावा हात पुढे केला, रुमाल टाकला आणि बोट दाबले. अर्धे कोठार. उत्तर नाही. सगळे कोठार. उत्तर नाही. राहते घर. पलीकडचा हात तसाच उघडा.

"बोट तरी दाबा, महाराज. भाव कळू द्या."

मग त्याचेच बोट त्या तळव्यावर सरकले आणि आत गेले. तळव्याला आरपार भोक होते. नागोशेटने रुमाल ओढून काढला. त्या बाजारात असे कधी कोणी केले नव्हते.

"हे कशाने झाले?"

"तुम्हा सगळ्यांच्या पाषाणाला कुठेतरी उतरायचे होते. इथे उतरला."

"पण मी तर आज आलो!"

"मी आधी आलो होतो."

"आणि अट? मागाहून काही निघणार नाही ना?"

"घेतोस?"

जन्मात त्याने भाव न ठरवता काही घेतले नव्हते. त्याची मान खाली गेली. "घेतो," तो म्हणाला, आणि वाळलेला चिखल गळावा तसा पाषाण गळून पडला.

अंगठा हलवून पाहिला मात्र, व्यापारी जागा झाला. "महाराज, राग मानू नका. उद्या मी पुन्हा अंगठा घातला, तरी तुम्ही फुकटच द्याल. मग कायदा पाळायचा कशाला?"

राजपुत्राने तो हात त्याच्यासमोर धरला. "हा बघून मापात अंगठा घालवेल?"

नागोशेटने मनातल्या मनात माप भरून पाहिले. अंगठा जाईना.

"त्या आज्ञा म्हणजे माझ्या बापाच्या घरची रीत," राजपुत्र म्हणाला. "घरात येण्याचे मोल नव्हे. तू आता घरचा आहेस."

नागोशेटने पेठेत येऊन सगळे सांगितले. "फुकट? डाव असणार," भुजंगस्वामी म्हणाला. थोड्या वेळाने हळूच विचारले, "चिंच कोणती म्हणालास?" हमालांनी त्याला गाडीत घालून नेले, परतताना तो पायी आला. ज्यांना हलताही येत नव्हते, त्यांच्याकडे राजपुत्र स्वतः आला. पेठेचे टोक रिकामे झाले, शाप सरला. काळा पाषाण जागच्या जागी राहिला. लोक त्याला टेकून गप्पा मारू लागले.

पुढच्या बाजारी भागाबाई नावाची म्हातारी जोंधळे घ्यायला आली. नागोशेटने माप भरले. तिने दाणा दाताखाली चावून पाहिला, खडे शोधले.

"शेट, आज काय डाव?"

"डाव नाही, आजी. एवढे तुमचेच होते."

"हो का!" म्हणत ती गेली. पुढल्या खेपेस घरचे माप घेऊन आली. नागोशेटने तेही भरले. कित्येक बाजार ती आपले माप घेऊन येत राहिली, आणि तो न रागावता भरत राहिला. मग एका बाजारी ती रिकाम्या हाताने आली, जोंधळे घेतले, सुनेच्या चार कागाळ्या सांगितल्या आणि गेली. माप घरी राहिले, हे तिच्या ध्यानातही आले नाही.