पहिल्या वेलांटीचा शाप

एका राज्यात, जिथे दगडावर कोरलेला शब्द खरा होत असे, वज्रसेन नावाचा राजा होता. राजवाड्यासमोर एक काळी शिळा उभी होती. बारा वर्षांतून एकदा तिच्यावर नवे वरदान कोरायचे. नगारा वाजला की शिळा अक्षरे धरून ठेवी. मग पहिली ओळ पहिल्या वर्षी फळे, दुसरी दुसऱ्या वर्षी.

कोरायचे काम कुमुदा नावाच्या पाथरवटिणीचे. राजाने दोन ओळी सांगितल्या: ‘राज्यात पीक वाढो. राज्यात दीन न उरो.’ कुमुदाची छिन्नी चालू लागली. पण दर घटकेला भालदार येई आणि विचारी, “झाले का?” शेवटचे अक्षर कोरून तिने हात जोडले.

“महाराज, एक प्रहर द्यावा. कोरलेले तपासून घेते.”

“मुहूर्त टळतो आहे!” राजा गरजला. “वाजवा नगारा!”

मुहूर्त कसला टळतो! मुहूर्त सूर्यास्तापर्यंत होता. आत राजाचे ताट वाढले होते आणि पुरणपोळीवरचे तूप थिजत होते. थिजत्या तुपापायी अवघे राज्य पणाला लागले, हे सांगताना आजही जीभ कडू होते.

घाईत कुमुदाच्या हातून ‘पीक’ची दुसरी वेलांटी पहिली झाली होती. पीक म्हणजे शेतातले धान्य. पिक म्हणजे कोकिळ.

कोकिळ वाढले. आधी लोक हरखले. मग आंबराया संपल्या, बोरी संपल्या, शेतातली कणसे रिकामी झाली. एक कावळा दरबारात आला. “महाराज, माझ्या घरट्यात एकवीस अंडी आहेत. त्यांतले एकही माझे नाही.”

त्याच्यामागून एक म्हातारा कोकिळ आला. “आम्हीही उपाशी आहोत. सीमेवर गेलो की पंख मागे ओढले जातात. आम्हाला इथे बोलावले कोणी?”

“हिने!” राजाने कुमुदाकडे बोट केले.

“चूक माझ्या हातची, महाराज,” कुमुदा म्हणाली. तिचा आवाज संतापाने कापत होता. “पण तपासायला मी प्रहर मागितला होता. तो कोणी नाकारला?”

दरबारातली सगळी पागोटी खाली झुकली. राजाने तिची हत्यारे काढून घेतली आणि तिला राज्याबाहेर घालवले.

कुमुदा चालत चालत तमोहर मांत्रिकाच्या गुहेत पोचली. मांत्रिक म्हणाला, “तीन कामे आहेत. नदीच्या वाळूतून शिळेच्या जातीचे काळे कण वेच, ओंजळभर. एकही पांढरा नको. मग गुहेतल्या झऱ्याचे शंभर थेंब साठव, त्यात ते कण कालव. त्या लेपाने चुकलेली रेघ बुजेल. तिसरे काम तुझे नाही. लेप भरण्याआधी शिळा अक्षर अक्षर वाचली पाहिजे, आणि ज्याने घाई केली त्याने.”

चार महिन्यांत ओंजळ भरली. कुमुदाने ती पुन्हा पसरली. सात पांढरे कण निघाले. तिसऱ्यांदा पसरली, तेव्हा एकही निघाला नाही. झऱ्याचा थेंब दिवसाला एकच पडे. सत्तराव्या थेंबाला तिची मोजणी चुकली. ती रडली, तिने राजाला शिव्या घातल्या, पाणी ओतून दिले आणि पहिल्यापासून थेंब धरले.

वरदानाच्या पहिल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, ती लेप घेऊन शिळेसमोर उभी राहिली. राजा बाहेर येताच तिने त्याला तिसरे काम सांगितले.

“मी वाचू?” राजा म्हणाला. “पाथरवटिणीचे काम मी करू?”

“मांत्रिकाची अट आहे. माझीही आहे.”

राजाने एका श्वासात वाचून टाकले. शिळा थरथरली आणि तिने त्याला दोन पावले मागे ढकलले. त्याने पुन्हा वाचले, जरा सावकाश. शिळेने एकच पाऊल ढकलले. तिसऱ्या वेळी त्याने अक्षराखाली बोट धरले. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीवर बोट थांबले.

“कुमुदा, इथे ‘दीन’ कोरलेले नाही.”

तिथे कोरले होते: ‘राज्यात दिन न उरो.’ गरीब उरू नयेत असे सांगितले होते, आणि दिवसच उरू नये असे कोरले गेले होते. उद्या दुसरी ओळ फळायची होती. उद्या सूर्य उगवणार नव्हता.

कुमुदाने त्या वेलांटीवरून बोट फिरवले. ही ओळ तिने वर्षभर मनात घोळवली होती. पण आपली चूक आपल्याच डोळ्यांना बरोबर दिसते.

राजाने स्वतः तिची छिन्नी आणून दिली. तिने दोन्ही शब्दांतल्या अक्षराआधीच्या रेघा लेपाने बुजवल्या आणि अक्षरानंतरच्या कोरल्या. नगारजीने टिपरू उचलले.

“थांब,” राजा म्हणाला. “पुन्हा वाचू.”

त्याने वाचले, तिने वाचले, मग भालदाराला वाचायला लावले. तेव्हा कुठे नगारा वाजला. कोकिळांचे थवे आभाळ झाकून उठले आणि सीमेपार गेले. रिकाम्या कणसांत दाणा भरला.

“माग,” राजा म्हणाला. “हवे ते माग.”

“गावोगाव दवंडी पिटा, महाराज. चूक कोणाकोणाची होती, ते प्रजेला कळू द्या.”

राजाने विचारले, “आधी कोणाचे नाव?”

“ज्याने प्रहर नाकारला, त्याचे.”

दुसऱ्या दिवशी सूर्य वेळेवर उगवला. दवंडीवाले चारी दिशांना निघाले, आणि प्रत्येक गावच्या चावडीपुढे पहिले नाव वज्रसेनाचे घेतले गेले.