कुलपातला करंट

सलग तिसऱ्या दसऱ्याला सरकारांची होडी सुरू झाली नाही. काठावर पाहुणे जमलेले, होडीला झेंडूचं तोरण, उदाजीराव सरकारांनी रुबाबात बटण दाबलं, आणि इंजिनानं एकदा खाकरून जे मौन धरलं ते धरलंच. पावसाळ्याचे चार महिने होडीघरात पडून बॅटरी मेली होती.

कासारडोहच्या तलावावर अशी होडी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. त्यामुळे फजिती झाली की तीही सगळ्यांसमोर व्हायची. सरकार स्वभावानं भले, पण संशय त्यांच्या अंगात मुरलेला. त्यांनी चोर ठरवूनही टाकला. होडी चालवणारा राघू भोई! पावसाळ्यात होडीघराची किल्ली त्याच्याकडे असते, तेव्हा बॅटरी घरी नेऊन हा आमच्या करंटवर टीव्ही बघतो, असं ते येईल त्याला सांगू लागले. राघूच्या घरात टीव्हीच नव्हता, पण सरकारांना हे सांगणार कोण?

राघू बिचारा दरवर्षी विनवायचा, पावसाळ्यात बॅटरी अधूनमधून चार्ज करू द्या म्हणून. सरकार ऐकत नसत. मिटून ठेवलेली छत्री झिजते का, मग बंद बॅटरीला काय होतंय, असं म्हणून ते होडीघराचा मेन स्विचच बंद करून टाकायचे.

यंदा मृगाच्या आधी नवी बॅटरी घ्यायची वेळ आली, तेव्हा सरकारांनी हुकूम सोडला. बॅटरी राघूनं निवडायची. होडीघराला कुलूप लागेल, किल्ली सरकारांच्या कमरेला. दसऱ्यापर्यंत भोयांपैकी कुणी तिकडे फिरकायचं नाही. दसऱ्याला पहिल्या बटणात होडी सुरू झाली पाहिजे. नाही झाली, तर सव्वीस वर्षांची चाकरी संपली आणि वर चोर हा शिक्का!

राघू घरी येऊन भिंतीला टेकून बसला. चाकरी गेली तर कुठंही वल्हं मारीन, म्हणाला, पण चोर म्हणवून घेणं जमायचं नाही. त्याची मुलगी सुगंधा तालुक्याच्या गावी इन्व्हर्टरच्या दुकानात कामाला होती. तिला बापाचं तोंड बघवेना. दुसऱ्या दिवशी बापाच्या वतीनं बॅटरी निवडून ती थेट सरकारांच्या बंगल्यावर गेली.

सरकारांनी विचारलं, नेहमीची मोटारीची का नाही आणली? सुगंधानं सांगितलं, मोटारीची बॅटरी एक दणका देऊन मोकळी होते. आपल्या होडीत दिवसभर गाणी, पंखा आणि सरबताचा फ्रीज चालतो. तिला इंजिनही सुरू करील आणि मग दमानं ओझंही वाहील अशी, खास होडीची बॅटरी हवी. सरकारांना सरबताचा उल्लेख आवडला नाही, पण मुद्दा पटला.

मग होडीघरात जाऊन तिनं बॅटरी होडीत बसवली, पट्ट्यानं आवळली आणि एक छोटा मीटर सरकारांच्या हातात दिला.

"सरकार, कुलूप न तोडताही करंट चोरणारे असतात. आत्ता मीटरवर बारा पॉइंट सहा व्होल्ट आहे. दर रविवारी आपण स्वतः बघा. आकडा उतरला की समजायचं, चोर येऊन गेला. दुसऱ्या कुणावर मात्र विसंबू नका."

"आम्ही कुणावर विसंबतो का, पोरी?" सरकार म्हणाले.

चार्जर, डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि माहितीचं पुस्तक तिथंच फळीवर ठेवून ती निघून गेली.

पाऊस लागला. दर रविवारी सरकार छत्री घेऊन, धोतर खोचून होडीघराकडे निघत. पहिले दोन रविवार आकडा जागचा हलला नाही. तिसऱ्या रविवारी बारा पॉइंट चार! सरकारांनी कुलूप तपासलं, खिडक्या हलवून पाहिल्या, कौलंसुद्धा मोजली. किल्ली तर कमरेलाच. मग पकडायचं कुणाला? शेवटी चष्मा लावून ते पुस्तक उघडून बसले. त्यानंतर दर रविवारी सरकारांचा नाश्ता गार होऊ लागला, पण होडीघरात काय चालतं हे कुणाला कळेना.

दसरा आला. सरकारांनी बटण दाबलं आणि इंजिन पहिल्याच झटक्याला धडधडलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा," सरकार गरजले, "किल्ली आमच्याकडे राहिली आणि करंट शाबूत राहिला. म्हणजे चोर कोण, ते ठरलं!"

राघूनं मान खाली घातली. सुगंधा पुढे झाली. तिनं बॅटरीचं झाकण उचललं.

"सरकार, या टोकांना व्हॅसलीन कुणी लावलं?"

सरकार झेंडूचं तोरण सारखं करू लागले.

"घड्याळाची आणि पाणी उपसायच्या पंपाची वायर कुणी सोडवून ठेवली? बाटलीतलं अर्धं डिस्टिल्ड वॉटर बॅटरीत कुणी ओतलं? आणि मेन स्विच चालू होऊन चार्जर फळीवरून खाली कसा आला?"

"आम्ही केलं!" सरकार वैतागून म्हणाले. "आकडा उतरत होता, मग काय बघत बसायचं?"

"किल्ली आपल्या कमरेला असताना आकडा उतरला?"

आता सगळा काठ सरकारांकडे बघू लागला. सरकारांनी मिशीवरून हात फिरवला. पडून राहिली की बॅटरी आपली आपण उतरते, होडीतलं घड्याळ आणि पंपही थोडा थोडा करंट पीत राहतात, हे त्यांना सगळ्यांसमोर सांगावं लागलं. राघूचा त्यात काही दोष नव्हता, हेही ते म्हणाले. मग त्यांना काहीतरी सुचलं.

"पण पोरी, मग तू काय केलंस? राबलो तर आम्ही!"

"मी निवड केली, सरकार. बॅटरी कुठलीही आणली असती, तरी तिला दर आठवड्याला जपणारं माणूस लागणार होतं. आपल्याइतका संशयी राखणदार मला साऱ्या मुलखात दुसरा दिसला नाही."

सरकार असे हसायला लागले की होडी डुलू लागली. त्यांनी अंगावरचा शेला काढून सुगंधाला दिला आणि राघूला हात धरून आपल्या गादीवर बसवलं. त्या दसऱ्याची पहिली फेरी सरकारांनी स्वतः सुकाणू धरून मारली, आणि राघू भोई सरबत पीत बसला होता.