चढणीवर झोपलेले नाना

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला साठाव्या वर्षी देशाटनाची इच्छा झाली. धन्यकुमार मगदूम हे त्यांचे नाव. तांब्यापितळेच्या दुकानात चाळीस वर्षे बसून त्यांनी पंचक्रोशीतल्या लग्नांना घागरी पुरवल्या, पण स्वतः जिल्ह्याच्या वेशीपलीकडे क्वचितच गेले. 'तुला समुद्र दाखवीन, हिमालय दाखवीन,' असे त्यांनी पत्नीला, कमलावतीकाकूंना, लग्नानंतर सांगितले होते. दुकान मुलाच्या हाती सोपवले आणि त्यांना ते बोलणे आठवले.

अडचण एकच होती. काकूंना बाहेरचे अन्नपाणी चालत नसे. पाणी गाळून, उकळूनच प्यायचे आणि सूर्यास्तापूर्वी घरचेच जेवायचे, हा त्यांचा जन्माचा नेम. मग शेठजींनी ठरवले, की घरच बरोबर न्यावे. त्यांनी एका कारागिराकडून चाकांवरचे छोटे घर बांधून घेतले. आत दोन पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. गल्लीतले लोक बघायला येत आणि चपला बाहेर काढून आत जात. या घराला सगळे होते, फक्त इंजिन नव्हते. ते एखाद्या दणकट गाडीमागे जोडायचे होते, आणि ती गाडी कोणती घ्यावी, याचा निर्णय शेठजींना करवेना.

घाटाच्या पायथ्याशी केरबा नाना राहत. साखर कारखान्यांची अवजड यंत्रे त्यांनी उभे आयुष्य घाटातून वरखाली नेली होती. आता ते गाडी चालवायला शिकवीत. त्यांच्याकडे अनेक जण शिकून गेले होते, पण त्या वर्षी त्यांची शिष्या होती वासंती. तिने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली होती, अवजड वाहनाचा परवानाही मिळवला होता, आणि तरीही 'घाट शिकायचा आहे' म्हणून ती नानांकडे रोज सायकलने येत असे.

शेठजींनी आपली अडचण सांगितली. नाना म्हणाले, "वासंती, तू निवड. बघू तुझी विद्या."

वासंतीला आनंद झाला. तिने घराची पाटी वाचली. रिकाम्या घराचे वजन सोळाशे किलो. मग तिने चार दिवस बाजारातल्या गाड्यांची माहिती गोळा केली, वही भरली आणि दोन गाड्या निश्चित केल्या. एक तांबड्या रंगाची नवी पिकअप होती. तिचे इंजिन जबरदस्त, रूप देखणे, आणि अडीच हजार किलो ओढण्याची तिची क्षमता. दुसरा करड्या रंगाचा ट्रक. तो अंगाने जड, गतीने मंद, दिसायला एखाद्या गरीब मास्तरासारखा. दोन्हींच्या केबिनमध्ये चार माणसे ऐसपैस बसत. विक्रेत्यांनी दोन्ही गाड्या एक दिवस चालवून बघायला दिल्या.

"माझं मत तांबडीला," वासंती म्हणाली. "ताकद जास्त, आणि वजनही बसतंय."

"माझंसुद्धा!" शेठजी म्हणाले. त्यांचा हात तांबडीच्या बॉनेटवरून फिरतच होता.

नानांनी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. ते काकूंकडे वळले. "काकू, उद्या सकाळी निघायचंय असं समजा. घर भरा."

"म्हणजे काय काय भरू?"

"जे लागतं ते सगळं. मागं काही ठेवू नका."

काकू उत्साहाने कामाला लागल्या. गव्हाची पोती आली, ज्वारीची आली, डाळींचे डबे आले. पितळेचा बंब आला. दगडी खलबत्ता आला. पाण्याची टाकी काठोकाठ भरली, शिवाय गाळलेल्या पाण्याच्या चार कळशा आल्या. शेठजी पुन्हा पुन्हा म्हणत, "अगो, हे कशाला?" आणि काकू म्हणत, "तुम्हीच खाणार आहात." शेवटी शेजाऱ्यांच्या मदतीने जेव्हा पाटा-वरवंटा आत गेला, तेव्हा घराची चाके जराशी दबलेली सगळ्यांनी पाहिली.

वजनकाट्यावर आकडा आला. चोवीसशे वीस किलो.

शेठजी पत्नीकडे पाहतच राहिले. "आठशे किलोचा संसार!"

"चाळीस वर्षांचा आहे," काकू म्हणाल्या. "वर्षाला वीसच किलो पडतो."

वासंतीने वही उघडली. आकडा तिच्या अंदाजापेक्षा पुष्कळ मोठा होता आणि तिचा चेहरा थोडा उतरला. पण अडीच हजारांच्या आत होता. "तरीसुद्धा तांबडी ओढेल," ती म्हणाली.

"ओढेल की," नाना म्हणाले. "चला, जुन्या रस्त्यावर जाऊ."

नवा घाटरस्ता झाल्यापासून जुन्या रस्त्याने कोणी जात नसे. तो एका टेकाडावर चढे, माथ्यावर वळे आणि पलीकडे लांबलचक उतरून शेवटी पुन्हा एका माळाकडे वर जाई. नाना आपल्या शिष्यांना तिथेच नेत. तिथे समोरून कोणी येत नसे, आणि एखाद्याची गाडी आवरेनाशी झाली तरी तळाचा तो चढ तिला पोटाशी धरी.

तांबडीमागे घर जोडले. वासंती चालवायला बसली, शेजारी नाना, मागे शेठ आणि काकू. चढण सुरू झाली आणि तांबडीने असा काही हुंकार दिला, की शेठजींनी टाळीच वाजवली. घर मागे आहे हे जणू तिच्या गावीही नव्हते. वासंतीने अभिमानाने गुरूकडे पाहिले.

गुरू झोपले होते. मान खिडकीला टेकली होती, तोंड किंचित उघडे होते, आणि इंजिनाच्या आवाजातही त्यांचे घोरणे स्पष्ट ऐकू येत होते.

वासंतीला फार वाईट वाटले. चार दिवस खपून केलेली निवड, तिची परीक्षा चालू, आणि परीक्षक झोपलेले! तिने नजर पुन्हा रस्त्यावर वळवली.

माथा आला तसे नाना जागे झाले. कोणी उठवले नव्हते. त्यांनी वहाणा काढून, गाडीचे हादरे तळव्यांना कळावेत म्हणून, पाय केबिनच्या पत्र्यावर टेकवले, खिडकीची काच खाली केली आणि ताठ बसले. "आता चल," ते म्हणाले. "दुसऱ्या गिअरवर. सावकाश."

पहिली दोनशे पावले सगळे ठीक होते. मग मागून कोणीतरी हळूच ढकलावे तसा धक्का आला. वासंतीने ब्रेक दाबला. गती कमी झाली, पाय उचलताच पुन्हा वाढली. पुन्हा दाबला. आता धक्का मोठा होता. आरशात तिला दिसले, की घराचे मागचे टोक डावीकडे सरकते आहे, मग उजवीकडे. तांबडीचे ढुंगण त्याच्याबरोबर डोलू लागले. केबिनमध्ये करपल्यासारखा वास आला.

"नाना, ब्रेक मऊ पडतोय!"

"पडणारच. स्टेअरिंग सरळ धर. झटका देऊ नको. पहिल्यात टाक. तळाला चढ आहे, घाबरायचं कारण नाही."

मागच्या सीटवर शेठजी नमोकार मंत्र म्हणत होते. काकूंनी त्यांचा हात धरला होता, की त्यांनी काकूंचा, हे सांगणे कठीण. वासंतीने दात आवळून चाक सरळ धरले. गाडी तळापर्यंत धावली, समोरच्या चढाला लागली, मंदावली आणि थांबली. चारही चाकांतून निळसर धूर निघत होता.

 घरातून काहीतरी गडगडत आल्याचा आवाज झाला आणि काकू म्हणाल्या, "बंब पोचला वाटतं."

सगळे हसले. शेठजी सर्वांत मोठ्याने आणि सर्वांत उशिरापर्यंत हसले. वासंती मात्र स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. आपल्या वहीतल्या आकड्यांवर विसंबून आपण या दोन माणसांना खऱ्या घाटात नेले असते, हा विचार तिच्या मनातून जाईना.

दुपारी तीच वाट करड्या ट्रकने घेतली. बंब जागेवर ठेवला. बाकी घरातला चमचाही हलवला नाही. चढणीवर ट्रक इतका संथ चालला, की शेठजी म्हणाले, "मी उतरून चालू लागलो तर पुढं निघेन." नाना पुन्हा गाढ झोपले. माथ्यावर पुन्हा आपोआप जागे झाले, पुन्हा वहाणा काढल्या.

उतार लागला.  वासंतीने ट्रक दुसऱ्या गिअरवर घेतला आणि वाट पाहू लागली, की धक्का आता येईल, मग येईल. तो आला नाही. इंजिनाची घरघर एका सुरात चालू राहिली आणि घर मागून शहाण्या गाईसारखे येत राहिले. मध्यावर नाना अकस्मात म्हणाले, "थांबव."

"इथं? उतारावर?"

"इथंच."

तिने ब्रेक दाबला. ट्रक थांबला. रानात कुठेतरी होला घुमत होता, तो ऐकू आला.

"उतरा," नाना म्हणाले. त्यांनी चाकांमागे नव्हे तर चाकांपुढे दगड लावायला सांगितले आणि ते रस्त्याच्या कडेला करवंदीच्या सावलीत जाऊन बसले. काकूंनी घरातून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली.

वासंतीला आता राहवेना. "नाना, एक विचारू? रागावू नका. मी गाडी निवडली, तुम्ही परीक्षा घ्यायला बसलात, आणि दोन्ही वेळा चढणीवर झोपलात. गाडीची ताकद चढावरच दिसते ना?"

नानांनी दशमीचा घास संपवला. मग म्हणाले, "पोरी, चढावर गाडी हरली तर काय होतं?"

"थांबते."

"आणि उतारावर हरली तर?"

वासंतीने खाली, सकाळी तांबडी धुरात थांबली होती त्या तळाकडे पाहिले.

"थांबत नाही," नाना म्हणाले. "म्हणून चढावर मी झोपतो. तिथं फार तर उशीर होईल, लोक हसतील, शेठ उतरून चालत जातील. तांबडी वाईट गाडी नाही. तिच्यामागं हलकं काही असतं, तर मीच घ्या म्हटलं असतं. पण तिचं स्वतःचं अंग मागच्या घरापेक्षा हलकं. आपल्याहून जड वस्तू आपण मागं बांधली, की सपाटीवर आपण तिचे धनी असतो. उतार लागला की ती आपली धनी होते. ओढण्याची ताकद तू वहीत लिहिलीस, ती खरी आहे. धरून ठेवण्याची ताकद त्याच पानावर लिहायची राहिली, एवढंच. आणि घरालाही त्याचा स्वतःचा ब्रेक बसवून घ्या शेठ. मागच्यानं सगळा भार पुढच्यावर टाकू नये."

"ऐकलंत?" काकू शेठजींना म्हणाल्या.

"मी तर पुढं आहे!" शेठजी म्हणाले.

"इतकी वर्षं तुम्हाला तसंच वाटतंय."

वासंती हसली, पण तिचे डोळे ओलावले होते. "नाना, माझी चूक झाली. मला आधी कळायला हवं होतं."

"तुला कळावं म्हणूनच निवडायला सांगितलं," नाना म्हणाले. "मला हे माझ्या पहिल्या गाडीनं शिकवलं, आणि त्या रस्त्याच्या तळाला चढ नव्हता. मी उडी मारली म्हणून वाचलो. तुला शिकताना उडी मारायला लागू नये, म्हणून ही वाट राखून ठेवलीय."

करडा ट्रक घेतला गेला. महिन्याभरात घराला ब्रेक बसले, ट्रकशी जोडले गेले, आणि वासंतीने शेठजी-काकू दोघांनाही त्याच टेकाडावर गाडी उतरवायला शिकवले. दोघांनाही, कारण काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, की नुसते बसून देश पाहण्यात त्यांना रस नाही. शेठजींना तीन आठवडे लागले. काकूंना दोन.

आपण नवे काम अंगावर घेतो, नवी माणसे आयुष्याशी जोडतो, तेव्हा 'हे मला ओढवेल का?' एवढेच स्वतःला विचारतो. उतार लागल्यावर हे मला सावरता येईल का, हा प्रश्नही निघण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

दोघे निघाले त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी वासंतीला शेठजींचा फोन आला. ती नानांच्या अंगणात एका नव्या विद्यार्थ्याला चाक बदलायला शिकवत होती.

"वासंती, आम्ही पोचलो नाही गं," शेठजी म्हणाले.

तिने हातातला पाना खाली ठेवला. "काय झालं?"

"काही नाही. घाटमाथ्यावर आहोत. खाली कोकण, पलीकडं समुद्र असणार म्हणे. पण पुढं इतकं दाट धुकं आहे, की कमला म्हणाली, आज उतरायचं नाही. तिनं गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि आता थालीपीठ लावतेय. मागचे लोक हॉर्न वाजवत पुढं जाताहेत. जाऊ देत. आम्ही मजेत आहोत."

वासंतीने फोन ठेवला आणि ओसरीवर बसलेल्या नानांना सांगितले, "शेठ आणि काकू अजून पोचले नाहीत. धुकं आहे म्हणून वरच थांबलेत."

"आपणहून थांबले?"

"हो. काकूंनी थांबवली."

नाना समाधानाने हसले. "मग पोचलेच की ते," ते म्हणाले.

वासंतीने मान हलवली. मग ती पुन्हा विद्यार्थ्याकडे वळली.