चिमाईची गोळी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तुमच्या पणज्याच्या पणज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची. घाटाच्या कुशीत दाभेखिंड नावाचं गाव होतं, आजही आहे. गावात ठासणीची बंदूक एकच, सुभाना नाइकाची. बंदूक पुरुषानं चालवायची आणि गोळ्या घरच्या बाईनं ओतायच्या, अशी त्या घराची रीत. म्हणून सुभानाची बायको चिमाई चुलीवर शिसं वितळवायची आणि दगडी साच्यात गोळ्या ओतायची. तिच्या हातची गोळी सपाट फळीवर ठेवली, तर ती कुठल्या बाजूला घरंगळावं याचा विचार करत बसायची, असं म्हणतात.

मग खिंडीत वाघ आला. आधी गुरं गेली, मग माणसं. बाजाराची वाट बंद झाली, मीठ मिळेना, लेकी माहेरी येईनात. सुभानानं नेम धरून बार काढले, पण प्रत्येक गोळी वाघाच्या अंगावरून निघून गेली. झालं, गावात बोलणं सुरू झालं की वाघाला मंत्र येतो, तो शेपटी हलवतो आणि गोळी वळते. आता वाघाला मंत्र शिकवायला कोण बसलंय? पण घाबरलेल्या गावाला कोण समजावणार! सुभानाला ते बोल फार लागले. या खेपेला वाघ मारीन, नाहीतर परत येणार नाही, असं तो देवीसमोर बोलून बसला.

चिमाईच्या काळजाचं पाणी झालं. पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं रिकामी बंदूक उभी धरली, नळीत गोळी सोडली आणि कान लावला. गोळी खुळखुळत खाली गेली. आजेसासऱ्यापासून बार काढून काढून नळी आतून झिजली होती, आणि साचा होता तेवढाच राहिला होता, म्हणून ढिली गोळी नेम सोडून भरकटत होती. चिंध्या कोंबून पाहिल्या, तरी गोळी नीट बसेना. शेजारच्या गावाहून मोठा साचा आणला, तर त्यातली गोळी नळीच्या तोंडातच अडकली. घरचाच साचा कोरावा, तर तो दसऱ्याला पुजला जाणारा. त्याला हात कोण लावणार?

तेव्हा चिमाईला आपली जुनी चूक आठवली. नवी नवरी असताना तिनं शिशात कथील टाकलं होतं. साचा तोच, पण गोळी अंगानं भरलेली निघाली आणि हाताला हलकी लागली. निव्वळ शिसं थंड होताना अंग चोरतं. कथील मिसळलं की ते तेवढं आक्रसत नाही. सासूनं ती गोळी भेसळीची म्हणून परड्यात फेकून दिली होती.

पण आता कथील आणायचं कुठून? बाजार बंद. गावात कथील होतं ते बायकांच्या पायांत. गरीब गाव ते, चांदी कुठली, जोडवी कथलाचीच. आणि नवरा जिता असताना जोडवं काढायचं?

सासू कडाडली, "अगं, त्यो वाघाच्या तोंडी चाललाय आन् तू जोडवं उतरवतीस?"

"आत्याबाई, जोडवं पायात ऱ्हाऊन धनी मागारी येणार असतील, तर तसं सांगा. हात लावत न्हाई मी."

सासूनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं. चिमाईनं एका पायातलं जोडवं काढलं आणि शिशात टाकलं. दारात जमलेल्या बायका बघत राहिल्या. मग एकीनं वाकून आपलं जोडवं काढलं, तिच्यामागून दुसरीनं, आणि बघता बघता सगळ्यांनी एकेक जोडवं आणून दिलं.

त्या रसाची गोळी नळीत खुळखुळली नाही. गजानं दाबली तशी सरकत जाऊन बसली.

"धनी," चिमाई म्हणाली, "गोळी अंगानं भरलीया, पर वजनाला कमी हाय. लांबनं मारू नगा. त्यो जवळ यीस्तवर थांबा."

"किती जवळ?"

"त्याच्या मिशा मोजता येतील इतका."

सकाळी सुभाना खिंडीत जाऊन बसला. वाघ आला. सुभाना थांबला. वाघानं झेप घेतली, तरी तो थांबला. मग बार निघाला आणि सगळा घाट दणाणला. असं म्हणतात, गोळी सुटली तेव्हा खिंडीत जोडव्यांची किणकिण झाली, आणि गावातल्या प्रत्येक बाईच्या मोकळ्या बोटाला चटका बसला. चिमाई उंबऱ्यावर बसली होती. तिनं पाय घट्ट धरला आणि हसता हसता रडू लागली. माणूस सांगत यायच्या आधीच तिला कळलं होतं.

वाघ सुभानाच्या पायांवर येऊन पडला होता.

"मोजल्या का मिशा?" तो घरी आल्यावर तिनं विचारलं.

"न्हाई गं," सुभाना म्हणाला, "डोळं मिटलं हुतं मी."

वाघाला खिंडीतच पुरलं आणि वर दगड ठेवला. त्याच्या अंगातली गोळी कुणी काढली नाही. चिमाई पुढं पुष्कळ जगली, नातवंडं-पतवंडं पाहिली, पण त्या बोटात तिनं पुन्हा जोडवं घातलं नाही.

आजही दाभेखिंडीत नवी सून आली, की सासू तिच्या एका पायातलं जोडवं काढून साच्याला लावते आणि खिंडीतल्या त्या दगडाखाली ठेवते. त्या गावच्या बायका जन्मभर एकाच पायात जोडवं घालतात. बाजारात एखादी परगावची बाई हळहळते, "अगबाई, दुसरं जोडवं कुठं पडलं गं?"

मग दाभेखिंडीची बाई पदर सावरून, मान ताठ करून सांगते, "पडलं न्हाई. वाघात हाय."