खारीचं अर्धं वाक्य

मला गोष्टी सांगायची हौस नाही. गुलाबाच्या कुंड्यांबद्दल बोलायला म्हणून काढलेला आमचा मोबाईलवरचा ग्रुप. त्यात दर रविवारी पोरांसाठी गोष्ट घालायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं, आणि सगळ्यांत म्हातारा म्हणून ती माझ्या गळ्यात मारली. ही गोष्ट गुलाबाची नाही. चालेल का, असं मी कुणाला विचारलेलं नाही. पोरांनो, नीट बसा आणि मध्ये बोलू नका.

कुठलंसं रान होतं, आणि त्या रानात एका सपाट खडकावर एक कासव राहत असे. दुपारी तिथं पाखरं आणि जनावरं जमायची. सगळ्यांना एकच नाद, गळालेली पिसं गोळा करायची आणि हे कुणाचं, ते कुणाचं, यावर बोलत बसायचं. मंडळाचा मुख्य म्हणून त्यांनी कासवाला नेमलं होतं. त्याला पिसांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ज्याच्या अंगावर पीसच नाही तो कुणाची बाजू घेणार, असा सगळ्यांचा विचार.

चार दिवस बरं चाललं. मग साळुंकीनं पीस दाखवता दाखवता नणंदेचं गाऱ्हाणं काढलं, सशानं सुकलेल्या गवताचं. मुंगूस वैतागलं. पिसांचा ढीग त्याचा सगळ्यांत मोठा आणि बघायला कुणी नाही. मुख्य म्हणवता तर आवरा यांना, असं त्यानं कासवाला सुनावलं. कासवाला कळेना, आवरायचं कुठून. साळुंकीच्या चोचीतलं पीस तिच्या नणंदेचंच होतं. मग नणंदेचं बोलणं पिसाचं धरायचं की नाही? विचार करून करून त्याची मान आत जायला लागली. तेवढ्यात खार बोलू लागली, "आमच्या बेहड्याच्या झाडावर दोन दिवस झाले, खाली उतरायची चोरी झालीये, कारण..."

हे मात्र नक्की पिसाचं नाही, असं कासवाला वाटलं. "विषय सोडू नकोस," ते म्हणालं. दिवसभरात एवढं एकच त्याला ठामपणे जमलं होतं, म्हणून ते स्वतःवर खूश झालं. खारीनं शेपटी झटकली आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं खडकावर नखानं रेघ ओढली. उन्हाची बाजू पिसांची, तिथं दुसरं काही बोलायचं नाही. जांभळाखालची सावलीची बाजू गप्पांची, तिथं पिसाचं नाव काढायचं नाही. मोठी सोय केली असं त्याला वाटलं. घटकाभरात सगळे सावलीत. मुंगूससुद्धा गेलं, ऊन फार म्हणून. पिसांच्या बाजूला कासव एकटं पाठ तापवत राहिलं. नियम तर सगळे पाळतायत, मग चुकलं काय, हे त्याला उमगेना.

तशात होला आला. होला म्हणजे कबुतराचा रानातला भाऊबंद, स्वभावानं भोळा. मुकाट्यानं उन्हाच्या बाजूला उतरला आणि चोचीतलं पीस खाली ठेवलं. करडं, आडव्या पट्ट्यांचं.

"आजोबा, हे कुणाचं तेवढं सांगा. माझ्या घरट्याच्या काठावर पडलं होतं."

पावशाचं असलं तर काळजी नव्हती. पावशा सुरवंट खाणारा. पण शिक्र्याचं असलं तर तो घरटं हेरून गेला होता, आणि शिक्रा हा शिकारी पक्षी, पिल्लं उचलतो. दोघांची पिसं दिसायला जवळजवळ सारखी. होल्याची दोन पिल्लं घरट्यात होती. आज उडवली तर खाली पडून मरणार, दोन दिवस थांबली तर उडणार. थांबावं की उडवावं, हे त्या एका पिसावर होतं. कासवानं पीस उलटंपालटं करून बघितलं. त्याला ते वाळक्या पानासारखं दिसलं.

त्यानं साळुंकीला हाक मारली, की ये, एक पीस बघायचंय. साळुंकी म्हणाली, "तिथं चटके बसतात, आजोबा. इथून सांगितलं असतं, पण इथं पिसाचं नाव काढायचं नाही म्हणे."

शेवटी कासवानं पीस तोंडात धरलं आणि रेघेकडे निघालं. दहा पावलं, पण कासवाची. मागून होला म्हणत होता, जरा लवकर. तोंडात पीस, उत्तर द्यायचं कसं? रेघ ओलांडताना त्याला वाटलं, आपण नियम मोडतोय. मग वाटलं, नियम आपलाच आहे. मग वाटलं, म्हणजे जास्तच मोडतोय. तरी ते गेलं, पीस सावलीत ठेवलं आणि म्हणालं, "हे पिसाचं बोलणं नाही. ह्याच्या पिल्लांचं आहे."

मग सगळे वाकून बघू लागले. मुंगूस म्हणालं शिक्रा, साळुंकी म्हणाली पावशा, आणि दोघं हट्टाला पेटले. नुसत्या पिसावरून ठरेना. होला कुठल्या झाडावर राहतो, असं सशानं विचारलं. बेहड्यावर. बेहडा ऐकून कासवाच्या डोक्यात काहीतरी हललं.

"खारे, काल तू काय सांगत होतीस?"

"आता विचारताय होय? तेव्हा तर विषय सुटत होता."

"चुकलं माझं. सांग."

"वरच्या फांदीवर एक करडा पक्षी येऊन बसतो आणि खाली झडप घालतो. शेजारणीची शेपटी थोडक्यात वाचली. म्हणून उतरायची चोरी."

म्हणजे शिक्राच. पुढं कुणी कुणाला काही विचारलं नाही. साळुंकीनं आधी त्याच नणंदेला हाक मारली, मग साऱ्या गोतावळ्याला, आणि सगळ्यांनी बेहड्यावर जाऊन असा कालवा केला की शिक्र्याला फांदीवर टिकवेना. तो उठला, त्यांनी त्याला रानाबाहेर घालवला. तिसऱ्या दिवशी होल्याची पिल्लं उडाली, डगमगत, पण उडाली.

शिक्र्याला हाकललं त्या दिवशी मात्र कासव खडकावर एकटंच होतं. त्याला नुसता कालवा ऐकू येत होता. मग सगळे परतले आणि एकदम बोलू लागले. शिक्र्याचं गळालेलं पीस, नणंदेचं धाडस, परत गवत, परत पीस. कासवानं विचारलं, हे उन्हातलं बोलणं की सावलीतलं? कुणी ऐकलं नाही. त्यानं रेघ शोधली. इतके पाय पडले होते, रेघ सापडेना. त्यानं मान आत घेतली आणि तिथूनच ऐकत राहिलं.

तात्पर्य : बोलणं विषयाचं की फालतू, हे वाक्य पुरं झाल्याशिवाय कळत नाही. झाल्यावरही कळेलच असं नाही, पण निदान पुरं होऊ द्यावं. बायकोचा गुडघा धरला, म्हणून कुंड्यांना आठ दिवस पाणी नाही, म्हणून कळ्या गळतायत, असा माझा निरोप होता. तो गुडघ्यापर्यंत वाचून पुसून टाकणारा आमच्या ग्रुपचा मुख्य कासवाएवढाही नाही. कासव "चुकलं माझं" म्हणालं होतं. याचं अजून यायचंय. मुख्याचं नाव सोपान कुदळे.