इंजिन बंद केल्यावर

"आता आणखी काय सोडायचं राहिलं, महाराज?"

मुकुंदराव घाटे हा प्रश्न सकाळपासून या ना त्या रूपात विचारत होते.

उद्या त्यांना संन्यासाची दीक्षा मिळणार होती. निदान त्यांची तशी खात्री होती. भगवं कापड घडी करून उशाशी ठेवून झालं होतं. अडचण एवढीच की, शंकरगिरी महाराज अजून हो म्हणाले नव्हते.

"नोकरी सोडली. पुण्यातलं घर भावाच्या नावावर केलं. जिभेचे चोचले तर कधीच संपले. गेल्या वर्षी आई गेली... तेव्हाही डोळ्यांत टिपूस आलं नाही. स्मशानातून परतलो आणि संध्याकाळी ध्यानाला वेळेवर बसलो. आठवतंय ना तुम्हाला?"

"आठवतंय."

महाराजांनी कोपऱ्यातली काठी हातात घेतली.

"तुझी ती गाडी चालू आहे का रे?"

"आहे. मठाच्या कामाला लागते, म्हणून तेवढी ठेवलीय."

"मग काढ. जरा हिंडून येऊ."

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

भोरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याने एक रस्ता जातो. माघ सरत आला होता. सावलीत थंडी होती आणि उन्हात नव्हती. महाराजांनी काच खाली केली आणि ऐंशी ओलांडलेला तो माणूस एस.टी.तल्या पोरासारखा मान बाहेर काढून बसला.

"हळू."

मुकुंदरावांनी वेग कमी केला.

"अजून हळू."

दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. गाडीला काय झालं, म्हणून त्याने जाताजाता वळूनही पाहिलं.

"महाराज, अशी चालवली तर क्लच जाईल."

"जाऊ दे की. सगळं सोडलंयस ना?"

मुकुंदरावांनी वेग आणखी कमी केला. राग सोडलेला होता, त्यामुळे रागावताही येईना.

"अरे... अरे, पाहिलंस?"

"पांगारा आहे."

"परवा नुसत्या काठ्या होत्या रे! आज बघ, टोकाटोकाला लाल!"

पुढे एका पिंपळाला तांबूस पालवी फुटली होती. इतकी कोवळी, की ऊन पानातून आरपार येत होतं. महाराजांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

आता मात्र मुकुंदरावांना राहवेना.

"महाराज, लहान तोंडी मोठा घास घेतो. आयुष्यभर दर साली हेच पाहिलंत तुम्ही. तरी पालवी दिसली की टाळ्या? ही आसक्ती नव्हे का?"

"असेल," महाराज म्हणाले. "त्या वळणावर थांबव."

वळणावर एक जुना आंबा होता. खोड दोघांच्या कवेत न मावणारं. मोहोर असा लगडला होता, की पान दिसत नव्हतं. याच झाडाखालून मुकुंदराव मठाची भाजी आणायला कितीदा तरी गेले असतील. काचा वर करून.

"इंजिन बंद कर."

त्यांनी किल्ली फिरवली. घरघर थांबली नाही.

पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली. तरी घरघर आपली चालूच. मुकुंदराव वैतागले.

"बिघडली वाटतं. म्हटलं होतं मी, इतकी हळू चालवू नये. थांबा, बॉनेट उघडून बघतो."

"किल्ली कुठाय?"

"ही काय, हातात."

"मग?"

मुकुंदराव किल्लीकडे बघत राहिले... मग दार उघडून खाली उतरले. मान वर केली.

झाड घुमत होतं.

अख्खं झाड. मधमाश्या, माश्या, नाव ठाऊक नसलेले असंख्य बारीक जीव. फांदी न् फांदी थरथरत होती आणि त्या सगळ्यांचा मिळून एकच सूर निघत होता, खालचा, अखंड. त्यांनी खोडावर हात टेकला. तो सूर हाताला लागला, हातातून छातीत उतरला. अंगावर सरसरून काटा आला. मुकुंदराव घाबरले म्हटलं तरी चालेल. एवढं मोठं काहीतरी रोज डोक्यावर चाललेलं होतं आणि आपण खालून भाजी नेत होतो!

महाराजांनी काठीने एक फांदी खाली ओढली. चिमूटभर मोहोर खुडला, मुकुंदरावांच्या तळहातावर ठेवला.

"खा."

त्यांनी खाल्ला. तुरट, चिकट, किंचित कडू.

"आई..." मुकुंदराव म्हणाले.

महाराज ऐकत होते.

"होळीच्या दुसऱ्या दिवशी... देवापुढचा मोहोर चंदनात कालवून असाच हातावर द्यायची. म्हणायची, वसंत आला हे आधी जिभेला कळू दे. मी तोंड वाकडं करायचो... थुंकून टाकायचो. ती हसायची..."

वर्षभर न आलेलं पाणी आलं. खोडाला कपाळ लावून तो माणूस ओक्साबोक्शी रडला. वर झाड घुमतच होतं.

महाराज रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिले. जवळ गेले नाहीत, पाठीवर हात फिरवला नाही.

खूप वेळाने मुकुंदराव वळले. आवाज अगदी लहान झाला होता.

"महाराज, उद्याचं राहू द्या. सगळं सोडलं म्हणून मिरवत होतो... आणि चिमूटभर मोहोराने हे असं झालं. माझी लायकी नाही. मला दीक्षा देऊ नका."

महाराज काठी टेकत उठले. मोहोराची भुकटी त्यांच्या खांद्यांवर पडली होती, ती त्यांनी झटकली नाही. झाडाला हात जोडले. थोडा वेळ ऐकत उभे राहिले...

"मग आत्ता मी तुझ्या हातावर काय ठेवलं, मुकुंदा?"